सात मोजेपर्यंत

अंगुरीबाई : मूर्तिजापूरची गाडी सहाले—

कंचनबाई : शिरपूरच्या गोमतीबाईची म्हैस—

ज्ञानचंद : आई, तू माझ्यासंगं अमेरि—

अंगुरीबाई : लोणच्याच्या बरणीले फडकं—

कंचनबाई : —दोनदा येली, दोन्ही बार रेडाच—

ज्ञानचंद : थांबा. दोघीबी थांबा.

(कारंजा लाड, १९७९. स्वयंपाकघर. अंगुरीबाई आणि त्यांची नणंद कंचनबाई, घरात दोघीच राहतात. अंगुरीबाईंचा मुलगा ज्ञानचंद अमेरिकेत इंजिनियर आहे.)

ज्ञानचंद : उद्या निघतो मी. तीन आठवडे झाले, माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही तुम्ही.

कंचनबाई : बोल ना बावा. तोंड कोणी धरलं तुयं?

ज्ञानचंद : आमच्या ऑफिसात असं चालत नाही.

अंगुरीबाई : करतं काय तू थ्या ऑफिसात? लोकं इचारतात, मले सांगता येत नाई.

ज्ञानचंद : कपाटाएवढं कॉम्प्युटर असतं. त्याले मिनीकॉम्प्युटर म्हणतात.

कंचनबाई : कपाटाएवढं, अन् मिनी?

ज्ञानचंद : पहिलेचं खोलीएवढं होतं, आत्या. तर माणसं आपापल्या टेबलापाशी बसतात. समोर पडदा, खाली टाइपरायटरसारख्या कळा. आधी हरेक टेबलापासून कॉम्प्युटरपर्यंत वेगळी तार होती. दुसऱ्या कॉम्प्युटरचं काम पडलं, की तार उपटा, तिकडं लावा. आता आम्ही एक डबा बनवला. आठ टेबलं त्या डब्याले जोडायची. डब्यातून एकच तार निघते, अन् त्याच तारेवर चार कॉम्प्युटर. ज्याले ज्याच्याशी बोलायचं, त्यानं बोलावं.

अंगुरीबाई : साऱ्याईची एकच तार? मंग कालवा होत अशीन.

ज्ञानचंद : म्हणून नियम आहे. आधी ऐकायचं. तार मोकळी असली तरच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनीबी गप्प बसायचं, मनात आकडे मोजायचे, मग पुन्हा बोलायचं. किती मोजायचे ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

कंचनबाई : मोठं कोण, लहान कोण, काईच नाई?

ज्ञानचंद : नाही.

कंचनबाई : मंग थो डबा मले सासरी पाह्यजे होता.

ज्ञानचंद : आज या घरात हाच नियम. मंजूर?

अंगुरीबाई : मंजूर.

कंचनबाई : मंजूर.

ज्ञानचंद : तर आई, पासपोर्टचा—

अंगुरीबाई : चिवड्यात शेंगदाणे—

कंचनबाई : चिवड्यात शेंगदाणे—

ज्ञानचंद : आदळलं. तिघंबी गप्प. मोजा.

अंगुरीबाई : शेंगदाणे कमी—

कंचनबाई : शेंगदाणे कमी—

ज्ञानचंद : पुन्हा आदळलं. किती मोजले?

अंगुरीबाई : सात.

कंचनबाई : म्याबी सात.

ज्ञानचंद : सारखे नाही मोजायचे. सारखे मोजले तर दरवेळी आदळते. तार दिवसभर अडकून पडते.

कंचनबाई : दिवसभर?

ज्ञानचंद : कितीही दिवस.

कंचनबाई : ऐकलं का वहिनी? कितीबी दिवस.

अंगुरीबाई : ऐकलं.

ज्ञानचंद : आई, तुझी सही—

अंगुरीबाई : शेवबी बांधली—

कंचनबाई : शेवबी बांधली—

ज्ञानचंद : किती?

अंगुरीबाई : सात.

कंचनबाई : सात.

ज्ञानचंद : मुद्दाम करून राह्यल्या तुम्ही.

कंचनबाई : मुद्दाम कायले? एकतीस वर्सं एका चुलीवर पोळ्या केल्या. एकीचं मोजणं दुसरीले लागलं.

ज्ञानचंद : आत्या, तू पाच मिनिटं अंगणात जाय.

अंगुरीबाई : थे गेली तं मीबी जाईन.

ज्ञानचंद : आई, असं किती दिवस? इथं तुझं आहे तरी कोण?

...

ज्ञानचंद : आता काहून दोघी गप्प?

कंचनबाई : तार मोकळी हाय. तूच बोल.

ज्ञानचंद : आत्या, तसं नव्हतं म्हणायचं मले. फॉर्म एकाच माणसाचा आहे.

कंचनबाई : ठाऊक हाय.

ज्ञानचंद : तुले कसं ठाऊक? तो तं माझ्या बॅगेत आहे.

अंगुरीबाई : सोमवारी चूल पेटत नव्हती. थ्या फारमानंच पेटवली.