फक्त डावा हात

मुलुंडला बाळांच्या डॉक्टरांकडे मी लेकाला खांद्यावर थोपटत लसीसाठी थांबले होते. मागच्या बाकावर दोघी. एकीच्या मांडीवर तान्ही मुलगी, दुसरी साठीची, खोकणाऱ्या नातवाला घेऊन आलेली.

"ऋता, हल्ली पियानो एकाच हाताने वाजवतेस का गं?"

"तुम्हाला खाली कळतं, काकू?"

"सहा वर्षं माझ्या डोक्यावर वाजतोय. आता नुसते जाड सूर येतात, बारीक येतच नाहीत."

"उजव्या हातात ही असते ना. खाली ठेवली की रडते."

"आणि मार्चमधला कार्यक्रम?"

"नाही म्हणून कळवतेय. मेल लिहून ठेवलाय, आज पाठवते."

"एवढी लंडनला जाऊन शिकलीस ती याच्यासाठी?"

"पूर्ण ऑर्केस्ट्रासोबत वाजवायचंय, काकू. रोज चार तास बसायला हवं. कुठून आणू?"

"दुपारी हिला माझ्याकडे देत जा."

"दुपारी वाजवते म्हणून सोसायटीत तक्रार तुम्हीच केली होती."

"केली होती. आता तू थांबलीस की माझी झोप मोडते."

"रडेल हो ती."

"रडू दे थोडी. वरून आईचा पियानो ऐकू येईलच की तिला."

"आत्ता पाच मिनिटं धरता हिला? तो मेल पुसते, दुसरा लिहिते."

"दे इकडे. आणि ते शेवटी धावत जातेस ना, तिथे दरवेळी अडखळतेस. तेवढं आधी बसव."