सगळ्यांच्या मागे

घाटकोपरच्या हाडांच्या दवाखान्यात गुडघा चोळत बसलेल्या रुक्मिणीबाईंच्या कानांवर शेजारचं बोलणं पडत होतं.

"सर, पाय वर ठेवा."

"ठेवतो गं. तू घरी जा, कल्पिता. आई वाट बघत असेल."

"फोन केलाय तिला."

"तू? दोनदा घरातून पळालेली?"

"म्हणूनच ट्रेकला मला सगळ्यांच्या मागे ठेवलंत ना?"

"मागच्या माणसाला पळून चालत नाही."

"वाट लागली माझी! सगळे गड उतरले, आणि तुम्हीच पाय मुरगळून बसलात."

"आता संपला ट्रेक, बाई."

"शेवटचा माणूस घरी पोचल्याशिवाय संपत नाही. तुम्हीच सांगितलंत."

नंबर पुकारला. रुक्मिणीबाईंनी पाय आत घेऊन वाट दिली.

"सावकाश चला, सर. मी मागे आहे."