सोम्याची मिशी कशी गेली

सोम्याला मिशी का नाय, ते मलाच विचारा. तो काय सांगायचा नाय.

सोम्या माझा थोरला नातू, लग्नाचा घोडा. मोबाईलवर बंदुकीचा गेम खेळतो. वारूळवाडीच्या दत्त्याशी, म्हंजी माझ्या लेकीच्या पोराशी, त्यानं पैज लावली. हरंल त्यानं मिशी काढायची. आन दुसऱ्या दिशी आमाला लोणीला सोम्यासाठी पोरगी बघायला जायचं व्हतं.

गेमात बाकीची सगळी मेली, ही दोघंच उरली. सोम्याचा गडी नुसता पळत सुटलेला. मी म्हणलं, "आरं, पळता पळता मार की त्याला."

"आजे, पळताना बंदूक खाली ऱ्हाती. थांबल्यावर वर यायला टाइम लागतो. तेवढ्यात समोरचा मारतो."

"मंग गोफणीवाणी कर. मेंढरं राखताना आमी लांडग्यामागं पळायचो, पण आधी पाय रोवायचा आन मंग गोफण फिरवायची. त्या भिताडाच्या अलीकडंच थांब, बंदूक वर घे आन हळू चालत बाहीर नीघ."

"भारी, आजे," म्हणत सोम्या थांबला.

तेवढ्यात मोबाईलमधनं दत्त्याचा आवाज आला, "आजे, भिताड लाल का पांढरं?"

आपलं बोलणं तिकडं ऐकू जातं, हे मला कुटं ठाव? नातवानं विचारलं, मी सांगितलं, "लाल, बाबा."

ठो झालं आन सोम्याचा गडी आडवा.

दुसऱ्या दिशी लोणीत पोरीचा बाप पोह्याची बशी देता देता म्हणला, "फोटोत मिशी व्हती की राव पोराला."

सोम्या माझ्याकडं बघाय लागला. मी घास गिळला आन म्हणलं, "लढाईत गेली, पावणं."