बाईंची झोपायची शाळा

जमलेल्या मोठ्या माणसांनो, आयाबायांनो,

मला बोलाया येत न्हाई. सरपंचकाका म्हणलं, बाईंच्या हाताखालची एखादी पोरगी बोलू दे, आनि समद्यांनी माझ्याकडंच बघितलं. तरी बोलते. बाईंच्या वर्सश्राद्धाला मी सासरी असन, हितं नसन.

दुष्काळात माझी शाळा सुटली. कामावर मातीच्या पाट्या वाहिल्या. तवापास्नं कंबर धरली, मान आत गेली. म्हातारीवानी चालायची मी. आपल्या बाई सांगलीला पोरींना कवायत शिकवायच्या, त्या रिटायर होऊन गावी आल्या. आडावर मला बघून म्हणल्या, "आगं, खांदं कानापतूर का नेलंस? मानेशी भांडाण हाय का?"

मी छाती फुगवून, दम धरून उभी ऱ्हायले. तर हसल्या. "पोलिसात चाललीस व्हय? ताठ नगं गं. सैल. सैल सोड."

मग रोज दुपारी घोंगडीवर उताणं निजायचं. गुडघं वर. बाई मानेखाली हात घालायच्या. "सोड. डोकं माझ्या हातात दे." मला द्यायलाच येईना. माझं डोकं आजवर कुणी धरलंच नव्हतं.

तुमी बाया हसायच्या. "झोपायची शाळा हाय म्हणं!" आई म्हणायची, "घरात जागा न्हाई व्हय निजायला?" पर एक दिस भरली घागर घिऊन आले, आनि काय दुखलंच न्हाई. दारात पोचले तरी घागर उतरू वाटंना. लय बरं वाटलं. लय.

मग बघाया पाव्हणं आलं. "घागर घिऊन ये, पोरी," म्हणलं. आणली. थेंब सांडला न्हाई. तर म्हणत्यात, "मान वर करून चालती. नांदायची न्हाई." उठून गेलं.

बाई तावातावानं घरी आल्या. "आवं, मान खाली घातली तर घागर पडंल की!"

दादा, माझं वडील, म्हणलं, "फुटू दे घागर, बाई. मला पोरगी उजवायची हाय."

बाई माघारी गेल्या. तुमी काय बोलला असता?

जतचं पाव्हणं आलं, तवा मी वाकून चालले. लगीन ठरलं. बाईंनी तवा अंथरूण धरलेलं. सांगाया गेले. रागावल्या न्हाईत. म्हणल्या, "सासरी दुपारचं घटकाभर उताणी निजत जा. तेवढं सोडू नगं."

आयाबायांनो, तुमी समद्या सुना हुता. नवी सून भर दुपारी आडवी झाली, तर काय म्हणत्यात, सांगा की मला. तिकडं टँकर गावाबाहेर उभा ऱ्हातो. पानी डोक्यावरनंच आणायचं. माझी कंबर तर आत्ताच परत धरलीया. बाई म्हणल्या तसं निजून बघते, पर मान सुटत न्हाई. तिथं हात लागतो. तो हात परवा आपण जाळला.

मला काय आशा दिसत न्हाई. बाईंच्या म्होरं खोटं कशाला बोलू?

बास झालं माझं. आता समद्यांनी उभं ऱ्हावं, बाईंसाठी घटकाभर गप ऱ्हाऊया.

आये, रडू नगंस. तू बी ऊठ.