कॉलरीतला मासा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तेल-चरबी संशोधन केंद्राचे संचालक प्राध्यापक आल्देरिको विस्मारा, व्यासपीठावरचे नगरपालिकेचे आणि कारखानदार संघाचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते डॉ. तुल्लिओ गांदोल्फी, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत कोटसुद्धा न काढता बसलेले आमचे पोस्टमन मित्र, सर्वांना माझा नमस्कार.

मी एर्सिलिया रोवाती, धुलाई विभागाची. मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘डॉक्टरांच्या गुणांविषयी दोन शब्द’ बोलायला सांगितलंय. आता खरं सांगू का? निरोपाच्या भाषणांचा मला फार संशय येतो. माणूस जायला निघाला की त्याचे गुण एकदम एवढे कुठून उगवतात? इतकी वर्षं ते होते कुठे? माझ्याआधी बोललेले सगळे म्हणाले की डॉक्टरांचा सर्वांवर विश्वास होता. ऐकून मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते समोरच्या थाळीतली बदामाची बिस्किटं हुंगत होते.

या माणसाचा कोणावरही विश्वास नव्हता हो! खानावळीतल्या सॅलडवर घातलेलं तेल ऑलिव्हचंच आहे की त्यात आणखी कोणी घुसलंय, हे कळल्याशिवाय त्यांनी कधी काटा उचलला नाही. स्वतःच्या पुतणीच्या लग्नात ते जेवण सोडून भटारखान्यात गेले आणि तळणीचं तेल कितव्यांदा तापवलंय ते विचारून आले. पुतणीची सासू अजून त्यांच्याशी बोलत नाही. आणि याच माणसाने एकदा माझ्यावर संशय घेतला होता. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय मला त्यांचे गुण सांगता येणार नाहीत, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये ही विनंती.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. धुण्याची पावडर कशी तपासतात? यंत्रात मळका कपडा टाकून पुरत नाही. माणसाच्या मानेचा मळ हा वेगळाच प्रकार आहे. तो तेलकट असतो, कापडात मुरतो, आणि प्रयोगशाळेत हुबेहूब बनवता येत नाही. म्हणून आम्ही क्रेमोनाच्या पोस्टमनना पांढरे शर्ट देत होतो. शर्टाची कॉलर दोन तुकड्यांची, मागे मानेवर जोडलेली. तीन दिवस कामावर घालायची, फक्त कामावर, आणि परत आणून द्यायची. मग मी जोड उसवायची. डावा तुकडा जुन्या पावडरीत, उजवा नव्या पावडरीत. मान एकच, मळ एकच, म्हणजे कोणावर अन्याय नको. ही पद्धत प्राध्यापक विस्मारा यांनी घालून दिलेली होती. तिचं तेव्हा फार कौतुक झालं होतं.

नद्यांत शेवाळ माजतं म्हणून पावडरीतलं फॉस्फेट काढायचं, असे ते दिवस होते. एका कारखान्याने बिनफॉस्फेटची नवी पावडर आमच्याकडे धाडली. आणि काय सांगू, चमत्कार झाला. उजव्या कॉलरी बगळ्यासारख्या पांढऱ्या, डाव्या पिवळ्याच. कारखान्याचा माणूस हसत हसत चकरा मारू लागला. सगळीकडे आनंदीआनंद. फक्त डॉक्टरांचं कपाळ आठ्यांनी भरलं. एवढं चांगलं कधी काही असतं का, असं म्हणून, धुण्याआधी दोन्ही तुकड्यांतून कापून ठेवलेल्या पट्ट्या त्यांनी मागून नेल्या.

दोन दिवसांनी ते माझ्या विभागात आले. बसले नाहीत.

“बाई, डाव्या पट्ट्यांत मासा आहे.”

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी यंत्राने काढलेल्या आलेखाचा कागद पसरला. माणसाच्या मानेत कोणती तेलं असतात ते त्यांना तोंडपाठ. इथे आलेखावर त्यांच्यापुढे आणखी शिखरं उभी होती, लांब साखळीच्या आम्लांची, जी फक्त माशाच्या तेलात सापडतात. उजव्या पट्ट्यांत नावालाही नव्हती.

“कोणीतरी डाव्या बाजूला तेल लावलं, म्हणजे जुनी पावडर हरेल आणि नवी जिंकेल,” डॉक्टर म्हणाले. “आणि कॉलरी तुमच्या ताब्यात होत्या.”

“म्हणजे मी लावलं?”

“मला माहीत नाही. म्हणून तर विचारायला आलो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना काय काय बोलले ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना माझ्या शिलाई यंत्राच्या तेलाचे चार थेंब आणि माझ्या हाताचं क्रीम घेऊन गेले.

पुढे शुक्रवारी हे गृहस्थ आमच्या घरी हजर. शुक्रवारी आमच्याकडे खारवलेला कॉड मासा शिजतो हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. आईने मक्याच्या पिठाचा पोलेंटा आणि मासा वाढला. त्यांनी दोनदा घेतला. मग खिशातून कुपी काढून कढईतलं तेल भरून घेतलं. ते गेल्यावर आई मला म्हणाली, “जेवला पोटभर, पण तुझ्याकडे फौजदारासारखा बघत होता. लग्नाचं काही आहे का?”

हसा, हसा. मला तेव्हा हसू येत नव्हतं. कारखान्याकडून मी पैसे खाल्ले, अशी कुजबुज सुरू झाली होती. नोकरी जाणार हे तर दिसतच होतं, पण या धंद्यात एकदा हात मळका ठरला की कोणती प्रयोगशाळा दारात उभी करते? माझ्या पगारावर आई होती. रात्र रात्र डोळा लागत नसे.

आणि माझे सहकारी? ते फार चांगले वागले. प्रत्येकजण येऊन म्हणाला, एर्सिलिया, आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. म्हणाला आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला. अध्यक्षमहोदयांचाही विश्वास होता. त्यांनी माझ्याच भल्यासाठी माझ्याकडून कपाटाची किल्ली काढून घेतली आणि मला रजेवर जायला सुचवलं, परत कधी यायचं ते न सांगता. मी कोणाला दोष देत नाही. मी फक्त जे घडलं ते सांगते आहे.

त्या दिवसांत खानावळीत माझ्या टेबलावर एकच माणूस बसत होता. रोज यायचा, समोर ताट ठेवायचा, आधी स्वतःचं सॅलड हुंगायचा, मग माझं. एक दिवस मला राहवलं नाही.

“माझ्यावर संशय घेता आणि माझ्याच समोर बसून जेवता? लाज नाही वाटत?”

“संशय आहे, म्हणजे अजून काही ठरलेलं नाही,” ते म्हणाले. “ठरल्याशिवाय टेबल कशाला बदलू?”

सज्जनहो, त्या दुपारी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

नोव्हेंबरातली सकाळ होती, आपल्या नदीकाठचं धुकं, हाताला हात दिसत नव्हता. पोस्टमन सायकलवरून उतरला आणि डॉक्टरांना रजिस्टर पत्र द्यायला फाटकाशी वाकला. डॉक्टरांनी पत्र घेतलंच नाही. त्यांनी पोस्टमनच्या छातीवरचा पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि नाकाला लावला. तो पोस्टमन आज मागे बसलाय. तो म्हणाला होता, “साहेब, चामडं आहे ते, मोर्तादेल्लाचं सॉसेज नाही!”

डाव्या खांद्यावरून पट्टा, उजव्या कुशीत पिशवी. शहरातला प्रत्येक पोस्टमन तशीच घालतो. पावसापाण्यात चामडं मऊ राहावं म्हणून पोस्टात एक मलम मिळायचं, चरबी आणि कॉडचं तेल घालून केलेलं. धुक्यात पट्टा भिजला की ते मलम मानेला, म्हणजे डाव्या कॉलरीला. सगळ्या क्रेमोनाने रोज पाहिलेली गोष्ट, आणि आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. पुढच्या खेपेला आम्ही अर्ध्या जणांच्या कॉलरींच्या बाजू बदलल्या, डावा तुकडा नव्या पावडरीत आणि उजवा जुन्या. चमत्कारी पावडर जुनीपेक्षा थोडी कमीच भरली. कारखान्याच्या माणसाचं हसू मावळलं, मला किल्ली परत मिळाली, आणि सहकारी ताटं घेऊन माझ्या टेबलावर परत आले. म्हणाले, आम्ही म्हणालोच होतो!

माफी कोणी मागितली का? डॉक्टरांनीही नाही. त्यांचं म्हणणं, चुकलो असतो तर मागितली असती.

गेल्या आठवड्यात ते खण रिकामे करत होते. मी म्हटलं, डॉक्टर, आता तुम्ही चाललात. माझ्यावरचा संशय पुरता गेला ना? शपथेवर सांगते, हा माणूस हातातला कागद खाली ठेवून विचार करायला लागला. आणि म्हणाला, “बराचसा.”

मला धक्काच बसला. खोदून विचारलं तेव्हा कळलं. एक कॉलर उरली होती, नंतर तपासलेली, जिचा उलगडा झाला नव्हता. ओरेस्ते पिरोव्हानो यांची. ओरेस्ते पोस्टाच्या खिडकीवर तिकिटं विकायचे, जन्मात त्यांनी पिशवी उचलली नाही. तरी त्यांच्या कॉलरीत तोच मासा, आणि तोही दोन्ही बाजूंना सारखा! एवढी वर्षं डॉक्टरांनी ती कॉलर मनात बाळगली होती. कोणाला बोलले नाहीत, माझ्या नावाला बट्टा लागेल म्हणून. पण विसरलेही नाहीत.

मग मीच ओरेस्तेंचं घर गाठलं. आधी त्यांनी कानावर हात ठेवले. मग त्यांची बायको आतून म्हणाली, “सांगून टाका की आता, शर्ट काय परत मागणार आहेत?” नवाकोरा पांढरा शर्ट फुकट मिळालेला. कामावरच घालायचा असा नियम. पण शनिवारी नाचाचा कार्यक्रम होता, आणि ओरेस्ते तिथे अकॉर्डियन वाजवतात. अकॉर्डियनला दोन पट्टे, दोन्ही खांद्यांवर. पोस्टातलं मलम त्यांनी घरी नेऊन त्या पट्ट्यांनाच चोळलेलं!

अध्यक्षमहाराज, त्या पडद्यामागे जो वादक तुमची वाट बघत बसलाय तो कोण, असं तुम्ही मघाशी मला विचारलंत. ओरेस्ते, या पुढे. पट्टे काढू नका. डॉक्टर, तुम्ही वर या. या, लाजू नका.

मंडळी, डॉक्टर हुंगतायत. डावा पट्टा झाला. आता उजवा. काय म्हणता? मासा वाटतोय, पण नाकावर भरवसा नाही, यंत्रात घालायला हवं? मला ठाऊक होतं. ही घ्या कात्री, पर्समध्ये घालूनच आले होते. ओरेस्ते, नखाएवढाच तुकडा जाईल, तोंड पाडू नका. उद्या सकाळी मी यंत्र तापवून ठेवते. आणि प्राध्यापक विस्मारा, सेवानिवृत्त माणसाला प्रयोगशाळेत येता येत नाही, असा नियम असेल तर तो परवापासून पाळावा.

मला बोलायची संधी दिलीत, आणि इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. जिभेला हाड नसतं. कोणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. डॉक्टर, तुमचे मात्र वेगळे आभार. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी मला एकटं सोडलं, आणि तुम्ही संशय घेऊन सोबत केलीत. उद्या निकाल काय येईल ते येवो. माझ्या विरुद्ध गेला, तरी तो तुमच्याच तोंडून ऐकायचा आहे मला.