पेन्सिलीनं काढलेला रस्ता

आजच्या सभेच्या अध्यक्ष, शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते पवनचक्की कंपनीचे जमीन विभागाचे साहेब. सोमवारपासून त्यांच्या खुर्चीवर बसणार आहेत ते नवे साहेब. व्यासपीठावरची इतर मोठी माणसं, ज्यांची नावं मला चिठ्ठीवर लिहून दिली होती, पण मी घाईत आमच्या हिचा चष्मा घालून आलोय, त्यामुळे वाचता येत नाहीत. समोर बसलेले माझ्यासारखेच जमीनमालक, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून दारात ताटकळलेले सगळे शेजारीपाजारी, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला दोन मिनिटं दिली आहेत. मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेला. पंपाशी बोलावं लागत नाही, कान लावून ऐकावं लागतं. त्यामुळे भाषणाची मला सवय नाही. जमीनमालकांच्या वतीनं कोण बोलणार असं निघालं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. का, तर म्हणे, "साहेबांच्या ऑफिसच्या सगळ्यात जास्त चकरा तुम्हीच मारल्यात, काका." ते खरं आहे. तिथला शिपाई म्हणतो, बाहेरचा बाक आता तुमच्या मापाचा झालाय.

साहेब फार भला माणूस. हे तोंडदेखलं बोलत नाही. मागे एकदा मी त्यांना तावातावानं विचारलं, की ही वीज हवी कुणाला? ते चिडले नाहीत. म्हणाले, "काका, आमचं घर कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरांड्याखाली आहे. बायको सकाळी कपडे वाळत घालते आणि दुपारी त्यावरची काजळी झटकते. धाकटी मुलगी सात वर्षांची आहे. शाळेच्या दप्तरात तिला दम्याचा पंप लागतो." माझं तरी वेगळं काय? आमच्या हिला घरी श्वासाचं यंत्र लावलंय. लाइट गेली की मी तिच्या छातीकडे बघत बसतो, घड्याळाकडे बघायचा धीर होत नाही. वीज कुणाला हवी, हा प्रश्न मी विचारायचा नव्हताच. टेकडीवर वारा आहे, त्याचं कुणाच्या बापाला काही द्यावं लागत नाही, फिरू दे की पाती. माझं म्हणणं फक्त रस्त्यापुरतं होतं.

नव्या साहेबांना माहीत नसेल म्हणून सांगतो. बाई, मी आवरतं घेतो. पवनचक्कीचं एकेक पातं एवढं लांब असतं, की ते वाहून नेणाऱ्या गाडीला रुंद आणि सपाट रस्ता लागतो. तो रस्ता टेकडीच्या खालच्या अंगानं आखलाय, म्हणजे माझ्या आणि अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, सामाईक जमिनीतून. तिथं आमची पाणथळ आहे. कंपनीच्या तज्ज्ञांनी कागदावर तिला 'पडीक, दलदलीची जागा' म्हटलंय. दिसायला तशीच आहे. लव्हाळं, चिखल, पाणकोंबड्या. पण तिथं मुरलेलं पाणी खालच्या पाच घरांच्या विहिरींना लागतं. हे मला पुस्तकातून नाही कळलं. त्या पाचही विहिरींवरचे पंप मी उघडलेत. पाणथळ भरलेली असली की पंपाचा आवाजच वेगळा येतो. तिच्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला, की मुरायचं थांबलं.

मग जनसुनावणीत का नाही बोललात, असं मनात आलं असेल तुमच्या. सगळ्यांच्या येतं.

दीड वर्षापूर्वी याच हॉलमध्ये सुनावणी झाली. अक्काला त्या दिवशी ताप होता. ती म्हणाली, "दोघांच्या वतीनं तूच बोल, नीट बोल." मी एक पानभर लिहून आणलं होतं, खिशात होतं. कंपनीचा कारकून माइक घेऊन खुर्चीखुर्चीपाशी जात होता आणि विचारत होता, "आपली काही हरकत?" त्याच्या एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात पाहुण्यांसाठी निघालेला चहा. माझ्यापाशी आला आणि वायर खुर्चीच्या पायात अडकली. तो धडपडला, सगळा चहा माझ्या गुडघ्यावर. बिचारा कावराबावरा झाला. "सॉरी काका, सॉरी. भाजलं का?"

मी म्हटलं, "हरकत नाही."

तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणतो माणूस? पण माइक माझ्या तोंडापुढे होता. आवाज साऱ्या हॉलभर गेला. कारकून फडकं आणायला पळाला, माइक शेजारच्याकडे गेला. मी हात वर केला, तर पुढून कुणीतरी म्हणालं, "तुमचं झालं ना, काका. इतरांना बोलू द्या." पाहुण्यांना परत जायचं होतं, त्यांची गाडी बाहेर सुरूच होती. मी ओला गुडघा आणि खिशातला कागद घेऊन बसून राहिलो. उठायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. रोज सकाळी दाढी करताना मी उठतो, ओरडतो. त्या दिवशी नाही उठलो.

पंधरा दिवसांनी छापील अहवाल आला. 'जमीनमालक उपस्थित. विचारले असता हरकत नाही असे सांगितले.' मी ऑफिसात गेलो, तर त्यांनी टेप लावून दाखवली. आवाज माझाच होता.

अक्कानं तो कागद दोनदा वाचला. म्हणाली, "सामाईक जमीन दोन शब्दांत देऊन टाकलीस होय रे?"

"अक्का, चहा सांडला होता."

"चहा तुझ्यावर सांडला आणि पाणी माझ्या विहिरीचं गेलं. सांड म्हणावं अजून."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. समोर बसलेली असली तरी आमच्या हिला सांगते, "तुझ्या नवऱ्याला सांग, कोपर टेबलावरून काढ." आज आली आहे ती. खिडकीपाशी, तिसऱ्या रांगेत. मान वळवून बघू नका, तिला आवडत नाही.

तर साहेबांविषयी सांगत होतो. रस्ता हलवा असा मी अर्ज केला, त्यावर दुसरा कुणी असता तर शेरा मारून मोकळा झाला असता. साहेब म्हणाले, "चला, दाखवा." आले, आणि पाणथळीच्या काठाला बूट-मोजे काढून आत शिरले. चांगले पोटरीभर. मी म्हणतोय, साहेब, काच लागेल, आणि ते आपले उभे. मग काठावर आले, नकाशा मांडीवर पसरला आणि खिशातून पेन्सिल काढून टेकडीच्या वरच्या अंगानं एक रेघ ओढली. म्हणाले, "इथून नेता येईल. खडक फोडावा लागेल, वळण मोठं घ्यावं लागेल, तीनेक महिने जास्त जातील. पण नेता येईल."

मी विचारलं, "पेन्सिलीनं का काढली, साहेब? पुसली जाईल की."

"पेन्सिलीनंच काढता येते मला, काका. शाईनं काढायचा अधिकार वरच्यांना."

प्रस्ताव वर गेला. मी दर आठवड्याला विचारायला जायचो. उत्तर एकच, "वर आहे." आमच्या हिनं एकदा हे अक्काला सांगितलं, तर अक्का म्हणाली, "वर म्हणजे कुठं? तिकडे गेलेलं कुणी परत आलेलं मी तरी नाही पाहिलं."

आणि मग साहेबांची बदली झाली.

मी परवा नव्या साहेबांना भेटलो. त्यांनी मला खुर्ची दिली, त्याबद्दल त्यांचे इथं जाहीर आभार मानतो. कॉम्प्युटरवर नकाशा उघडून दाखवला. त्यात ती रेघ नव्हती. कशी असेल? पेन्सिलीची रेघ कागदावर होती. ते म्हणाले, "काका, हा नकाशा सहीचा आहे. आणि तुमची तर हरकत नव्हती असं दिसतंय." मी उठून घरी आलो. आज सकाळी पाणथळीत लाल निशाणं रोवली. रोलर बसथांब्यापाशी येऊन थांबलाय, ताडपत्रीखाली. कंत्राटदाराला विचारलं तर म्हणाला, सोमवारी सातला सुरू.

मघाशी साहेब बाहेर नळावर हात धूत होते. मी गाठलंच. म्हटलं, जाता जाता नव्या साहेबांच्या कानावर एवढं घाला. साहेबांनी नळ बंद केला. म्हणाले, "काका, माझी बदली का झाली असं वाटतं तुम्हाला?" रुमालानं हात पुसले आणि आत निघून आले.

हे मी इथं बोलायला नको होतं. साहेब, तुम्ही खाली बघू नका. मला ते ठाऊकच नव्हतं. मला वाटत होतं मी चकरा मारतोय म्हणजे काम पुढे सरकतंय. माझ्या चकरांनी माणूसच हलवला. आता तुमची मुलगी शाळा बदलणार, आणि तुमचं ते सामान, आणि मी तुमच्यासमोर उभा राहून तुमचा गौरव करतोय. पंप असता तर उघडून पाहिला असता, काय बिघडलंय ते. इथं उघडू काय?

बाई, घंटी ऐकली मी. झालंच.

जमीनमालकांनी मिळून साहेबांसाठी एक पेनचा संच आणलाय, तो अध्यक्षबाई देतील. आणि एक सूचना. खालच्या पाच घरांनी रविवार दुपारपर्यंत टाक्या, पिंपं, हंडे, जे असेल ते भरून ठेवावं. सोमवारपासून विहिरीला गढूळ पाणी येईल, आणि पुढे किती येईल ते मला सांगता येत नाही. कुणाचा पंप नीट उचलत नसेल तर उद्या सकाळी निरोप द्या, मी हत्यारं घेऊन फिरणार आहे. अक्का, तुझ्याकडे सगळ्यात आधी येतो. तुझ्या पंपाचा वायसर झिजलाय, गेलं वर्षभर रस्त्यावरून जाताना मला आवाज येतो. बोलू नकोस माझ्याशी. फक्त फाटकाची कडी काढून ठेव.

आयोजकांनी मला इथं उभं केलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचा मी ऋणी आहे. नव्या साहेबांना कामात यश येवो. दोन मिनिटांची पंधरा केली, निरोपाच्या दिवशी नको ते बोललो, कुणाचं नाव राहिलं, मान राहिला, तर म्हातारा समजून पोटात घाला. आणि दारातल्या मंडळींनी जरा वाट द्या. अक्का उठली आहे. तिला कुणीतरी हात धरून उतरवा, तिथली पायरी उंच आहे. मी इथून पोचणार नाही.