जवाईबापूचा कॅम्पर

तुम्ही कॅम्परची गोष्ट करून राह्यले म्हनून सांगतो, सासुरवाडीले तेवढा नोका नेऊ.

मी नेला. पिकअपच्या मागं जोडलेली चाकावरची अख्खी खोलीच ते, नागपुरातून भाड्यानं आनली होती. मूल तालुक्यातल्या सासऱ्याच्या गावी, त्याइच्या घराजवळ तलावाच्या काठी लावली. सासरे म्हनाले, "जवाईबापू, घरातच झोपा नं."

मी ऐटीत म्हनलं, "मामाजी, याच्यात तुमच्या घरापक्षा भारी पलंग हाय."

पन जागा उताराची. आत पान्याचा गिलास ठेवला का घसरून राह्यला. मी बाहेर येऊन ओरडलो, "मामाजी, चाकाखाली टाकाले काही सपाट हाय का?"

आता जवाईले नाई कसं म्हनाव? गेले, अन् सागाच्या दोन जाड फळ्या एक-एक करत खांद्यावर घेऊन आले. त्याच्यावर चाकं चढवले, जॅक लावले, गिलास जागच्या जागी! मामाजीले तो आत बोलावून दाखवला बी. मंग मस्त झोपलो.

सकाळी चहाले घरी गेलो तं मामाजी उंबरठ्यावर काठी घेऊन बसलेले, डोळे लाल. मागं चौकट उघडी.

"मामाजी, कवाड कुठी गेलं?"

सासूबाईनं आतून सांगतलं, "तुमच्या चाकाखाली हाय. गावात बिबट फिरून राह्यला, म्हनून हे रातभर इथीच बसले."

माही मान काही वर होऊन नाई राह्यली. तं मामाजीच इचारते, "झोप लागली नं, जवाईबापू? गाडी हालली तं नाई?"